रोज एकच सूर्यनमस्कार घालत होते, आता तोही होत नाही

अर्धाकप (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४७, बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्ची. आमच्या सोसायटीत दरवर्षी रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार असतात. मी हौसेनं जाते, झेपत नसताना घालते (गेल्या वर्षी ३१), मग तीन दिवस कठडा धरून जिना उतरते आणि चौथ्या दिवशी विषय संपतो. असं सलग सहा वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात गुडघा धरला. तो सुटल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, "रोज एक सूर्यनमस्कार घाला. एकच. दुसरा घालावासा वाटला तरी घालू नका." मला वाटलं, चेष्टा करताहेत.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. सकाळी सहाला पिशवी फोडून दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते. ते वर येईपर्यंत ओट्याशी ताटकळायचंच असतं, तेवढ्यात एक नमस्कार. स्वयंपाकघर एवढंसं, त्यामुळे पर्वतासनात टाचा फ्रिजला टेकतात आणि भुजंगासनात नाकासमोर कांद्याबटाट्याची जाळी. माळ्यावर पडलेली सतरंजी खाली काढून फ्रिज आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवली. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितेच, त्याच चौकोनात 'सू' लिहायला लागले. '२ पि., सू'. पहिल्या पंधरवड्यात दोनदा दूध उतू गेलं आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली. पण मंडळी, जमलं! आषाढी ते दिवाळी १०७ दिवसांत फक्त ६ खाडे, त्यातले ४ गावी गेले होते तेव्हाचे.

मग पाडव्याच्या मुहूर्तावर पाच करायचे ठरवलं. घरचे मागे लागलेच होते. नवरा तर म्हणायचा, "एक म्हणजे आळस दिल्यासारखंच की." पाच-पाच दोन दिवस झाले, मग एक दिवस राहिले, मग सुटले ते सुटलेच. डिसेंबरात शहाणी होऊन परत एकवर आले, पण आता तो एकही होत नाही! कंटाळा येतो असं नाही. वेळ नाही असंही नाही, अर्धं मिनिट तर लागतं. आठवतच नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आठवतं.

एकदा वाढवून मोडलेली सवय परत का लागत नाही? आणि वाढवायचं झालं तर नक्की कधी? रथसप्तमी पंधरा दिवसांवर आली आहे, म्हणून विचारतेय.

कोकणकडा · सोमवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. सेम टू सेम, फक्त सूर्यनमस्काराच्या जागी डायरी. जानेवारीची पहिली नऊ पानं भरलेल्या अकरा डायऱ्या आहेत माझ्याकडे.

शंकेखोर · सोमवार, रात्री ११:३१

आधी कडू बोलून घेतो. दिवसाला अर्धं मिनिट म्हणजे आठवड्याला साडेतीन मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. तुमचे यजमान अगदीच चूक नाहीत. हे 'छोट्यापासून सुरुवात करा' प्रकरण मला नेहमी संशयास्पद वाटतं. माणसाला काहीतरी केल्याचं समाधान लाभतं आणि तो तिथंच फतकल मारून बसतो.

खर्ज · मंगळवार, सकाळी ७:१०

शंकेखोर, गणित बरोबर आहे तुमचं. पण त्या बाई बहुतेक हजेरी लावायला शिकवत होत्या, अभ्यास पुढच्या वर्गात.

माझं सांगतो. गाणं शिकायला लागलो तेव्हा वय ३८. गुरुजींनी पहिले तीन महिने एवढंच सांगितलं होतं, सकाळी दहा मिनिटं खर्जाचा सा. मी क्लासला नियमित, घरी रियाज शून्य. दर गुरुवारी नवी सबब. तानपुरा होता कपाटाच्या आड, गवसणीत, म्हणजे खोळीत. ती ओढून काढायची, तानपुरा जुळवायचा, जवारी (तारेची गुंज) मनासारखी लागली नाही की दोरा वरखाली करत चरफडायचं. सा लावायच्या आधीच पंधरा-वीस मिनिटं खर्च आणि ऑफिसची लोकल डोळ्यासमोर.

एकदा गुरुजी घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना गवसणी काखोटीला मारून चालते झाले. म्हणाले, "उघडा राहू दे. धूळ बसेल, ती पुसशील. पुसताना तार वाजेल." सात वर्षं झाली, गवसणी अजून त्यांच्याकडेच आहे.

अर्धाकप, सतरंजी कुठे आहे सध्या?

अर्धाकप · मंगळवार, सकाळी ९:५०

गवसणीचा किस्सा भारीच! सतरंजी आहे तिथेच, फटीत. रोज फ्रिज उघडताना दिसते. दिसते आणि मी दही काढून फ्रिज बंद करते.

आकडेमोड · मंगळवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्रोटक झालं तर चालवून घ्या.

कुणी येऊन '२१ दिवस करा, सवय लागते' असं म्हणायच्या आत त्या आकड्याची कुळकथा सांगतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाक सरळ करून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं. पुढे सांगोवांगीत त्यातलं 'किमान' गळलं आणि नाकही गळलं.

मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. निबंध २००९ मध्ये ऑनलाइन आला. ९६ जण, ८४ दिवस. प्रत्येकानं एक लहान गोष्ट निवडायची आणि ती रोजच्याच एका प्रसंगाला बांधायची, म्हणजे न्याहारीनंतर, जेवणाआधी वगैरे. ती किती आपसूक होते याचे गुण रोज स्वतःला द्यायचे. मधला आकडा आला ६६ दिवस, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. ८४ दिवसांच्या अभ्यासात २५४ कुठून आले? आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे तो. आणि ६६ हा आकडाही ज्यांचे गुण आलेखात नीट बसले अशा ३९ जणांचा. त्यामुळे तो भिंतीवर कोरून ठेवू नये.

अर्धाकप यांच्या कामाच्या गोष्टी दोन. एक, मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. दोन, व्यायामाची सवय मुरायला खाण्यापिण्याच्या सवयीच्या साधारण दीडपट वेळ लागला. १०७ दिवसांत तुमची मुरलेली असायला हवी होती, म्हणून मला हे प्रकरण जास्त रोचक वाटतंय. मुरलेली सवय नुसत्या पाचच्या आकड्यानं अशी साफ पुसली जात नाही.

ओटीवरचा · मंगळवार, दुपारी ४:१५

मी ७३ वर्षांचा आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

तुम्ही सगळे 'सवय' म्हणता, आमच्या घरात शब्द होता 'नेम'. सवय लागते, नेम धरावा लागतो. चातुर्मास आला की घरातली प्रत्येक बाई काहीतरी धरायची. कुणी वांगं सोडायचं, कुणी केळीच्या पानावरच जेवायचं, कुणी रोज पिंपळाला पाणी. माझ्या आजीनं एका वर्षी लक्ष वाती धरल्या. लाख वातींना चार महिने, म्हणजे दिवसाला आठशेच्या वर! पण आजी कधी 'वाती करायला' बसल्याचं मला आठवत नाही. दुपारी जेवणं आटोपली की शेजारच्या बायका ओटीवर यायच्या, गप्पा चालू व्हायच्या, आणि बोलता बोलता आजीच्या मांडीवर कापूस वळला जायचा. गप्पा बंद तर वाती बंद. शंभराची एक जुडी झाली की एक खडा डब्यात. कार्तिकीला उद्यापन, मेहूण जेवायला, की नेम सुटला. पुढल्या वर्षी दुसरा.

तुमच्या तारखा पाहिल्या. आषाढीला धरलात, कार्तिकीच्या तोंडावर सुटला. नकळत चातुर्मासाचाच नेम केलात की हो. उद्यापन तेवढं राहिलं, म्हणून चुटपुट लागली आहे. एक मेहूण जेवायला घाला आणि मोकळ्या व्हा.

शंकेखोर · मंगळवार, दुपारी ४:४०

काका, आजीच्या वाती मनापासून आवडल्या. पण कार्तिकीचा संबंध म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

ओटीवरचा · मंगळवार, सायंकाळी ५:०२

असेलही. पण मेहुणाला नाही म्हणू नये.

दातकोरणं · मंगळवार, रात्री ९:२५

दंतवैद्य आहे, तालुक्याच्या गावी. स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांचं याच विषयातलं एक उदाहरण बरंच प्रसिद्ध आहे. सगळे दात फ्लॉस करू नका, एकच करा. मी ते पेशंटना सांगून पाहिलं. पहिली अडचण, गावातल्या मेडिकलमध्ये फ्लॉसच नाही. दुसरी, "डॉक्टर, एका दाताचे किती पैसे?" तरी सांगत राहिले. दहातल्या दोघातिघांना लागलं. त्यातली एक शिक्षिका आता फ्लॉस विसरली तर ब्रश अर्धवट झाल्यासारखं वाटतं म्हणते.

पण एक धोक्याची सूचना. ही छोट्या पावलांची युक्ती सवय *लावायला* आहे. सोडायला तिचा भरवसा धरू नका. माझ्याकडे येणारा प्रत्येक तंबाखूवाला म्हणतो, "दहा पुड्यांवरून सहावर आलोय." पुढच्या वर्षी येतो तेव्हाही सहा, कधी आठ. इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या ६९७ जणांवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. निम्म्यांनी एका ठरलेल्या दिवशी एकदम सोडायची, निम्म्यांनी त्या दिवसाआधी दोन आठवडे कमी करत आणायची. निकोटीनचे पॅच वगैरे दोन्हीकडे. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकले होते, कमी करणाऱ्यांतले ३९. सिगारेटचा अभ्यास तंबाखू-मिश्रीला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण मी तरी आता पेशंटला तारीख ठरवायला लावते.

(अवांतर झालं. पण हा धागा वाचून कुणी "रोज एक पुडी कमी" सुरू करू नये म्हणून लिहिलं.)

टोरांटोकर · बुधवार, पहाटे ५:४८

वाढवायचं कधी, यावर माझे दोन पैसे. आपण वाढवायचंच नाही, कागदाला वाढवू द्यायचं.

मी आयुष्यात बससाठीही पळाले नव्हते. इथे आल्यावर ४१ व्या वर्षी 'काउच टू फाइव्ह के' धरलं. जॉश क्लार्क नावाच्या माणसानं १९९६ मध्ये आपल्या आईला डोळ्यासमोर ठेवून आखलेला कार्यक्रम आहे. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी ६० सेकंद पळा, ९० सेकंद चाला, असं वीस मिनिटं. पुढे पळायचं वाढत जातं, चालायचं कमी होतं. आज किती पळू, हा विचारच नाही. कागद सांगेल तेवढं. उत्साहाच्या दिवशी जास्त करून लंगडायचं आणि उदास दिवशी टाळायचं, दोन्ही बंद.

फक्त पाचव्या आठवड्यात एक खड्डा आहे. तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं! त्याच्या आदल्या वेळेला मधे चालून आठ-आठ मिनिटंच पळलेलं असतं. मी तिथे आपटले. मग चौथा आठवडा तीनदा केला. नऊ आठवड्यांचं काम मला सोळा आठवडे पुरलं, कुणी विचारायला आलं नाही.

आता गोम. ऑक्टोबरपर्यंत घरासमोरच्या नदीकाठी पळत होते. बर्फ पडल्यावर जिमच्या आतल्या ट्रॅकवर जाऊ म्हटलं. तीच मी, तेच बूट, तेच पाच किलोमीटर. चार आठवड्यांत बंद! एप्रिलमध्ये नदीकाठ मोकळा झाला आणि पहिल्याच सकाळी पाय आपोआप तिकडे वळले. अजून मला हे उलगडलेलं नाही.

आकडेमोड · बुधवार, सकाळी १०:३०

टोरांटोकर, तुमच्या नदीकाठाचं उत्तर शिळ्या पॉपकॉर्नमध्ये आहे. २०११ चा प्रयोग. सिनेमा बघायला आलेल्यांना काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना आठवडाभर शिळे. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. वाईट लागतात हे त्यांनी स्वतः सांगितलं, तरी खाल्ले. मग तशाच लोकांना मीटिंगच्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले. तिथे सवयवाल्यांनीही शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले. माणूस तोच, भूक तीच, खोली बदलली.

म्हणजे सवयीचा अर्धा भाग आपल्यात असतो आणि अर्धा खोलीत. खर्ज यांच्या गुरुजींनी खोलीच बदलली की.

मोडीवाला · बुधवार, दुपारी १२:१५

आमच्या घरात पणजोबांच्या वेळचा कागदांचा एक डबा आहे, खरेदीखतं, गहाणखतं, सगळी मोडीत. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवायचे ही लिपी, आता घरात वाचणारं कुणी नाही. म्हणून दहा दिवसांचा वर्ग केला. मुळाक्षरं आली, बाराखडी आली, प्रमाणपत्र आलं. दोन महिन्यांनी डबा उघडला तर काहीही वाचता येईना.

ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात, मग तिला लटकवत अक्षरं, हात फारसा न उचलता. शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यात लिहिणारा कारकून घाईत. अक्षर ओळखणं आणि ओळ वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक.

मग ठरवलं, रोज एक ओळ. डब्यातल्या एका कागदाचा फोटो काढला, छापून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, जेवणाचा डबा ठेवतो तिथेच ठेवला. डबा उघडायचा, पोळीभाजीचा पहिला घास घ्यायच्या आधी एक ओळ. पहिल्या ओळीला आठ दिवस लागले! 'सदरहू' हा एक शब्द चार दिवस माझ्याशी भांडत होता. तिसऱ्या महिन्यात एक ओळ अर्ध्या मिनिटात व्हायला लागली आणि चक्क चुटपुट लागली, एवढंच? तेव्हा दोन केल्या. आता कागदच्या कागद वाचतो, पण नियम अजून एकाच ओळीचा आहे. ज्या दिवशी साहेब डोक्यावर बसलेला असतो त्या दिवशी एक ओळ वाचून डबा खातो आणि नेम मोडत नाही.

टोरांटोकर यांच्याशी थोडा असहमत. वेळापत्रकानं वाढवू नका, एकाचा कंटाळा आला की वाढवा. आणि वाढवलेलं हे *वरचं*, नियमातलं नव्हे. अर्धाकप यांनी पाडव्याला नियमच पाचाचा केला, तिथे चुकलं असं माझं मत.

टोरांटोकर · बुधवार, सायंकाळी ६:३०

पळण्यात कंटाळ्याची वाट बघितली तर तो पहिल्याच दिवशी येतो हो! वाचनाला जमेल तुमचं. गुडघ्याला कागदच बरा.

शंकेखोर · बुधवार, रात्री १०:१०

दोन दिवस सगळं वाचतोय. मोडीवाल्यांचं 'नियम एकाचा, वरचं मनाचं' पटलं, माझी पहिली तक्रार तेवढी मागे घेतो. पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पाच केले म्हणून मोडलं असेल, तर डिसेंबरात एकवर आल्यावर परत लागायला हवं होतं. लागलं नाही. म्हणजे पाच हा आरोपी निर्दोष सुटतोय.

आणि त्यांनीच लिहिलंय, "आठवतच नाही." जड वाटत नाही, आठवत नाही. १०७ दिवस कोण आठवण करून देत होतं?

अर्धाकप, पाडव्याच्या त्या आठवड्यात घरात आणखी काय बदललं? ओटा, गॅस, दूधवाला, उठायची वेळ, काहीही. कॅलेंडर असेलच, जरा ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं बघून सांगता का?

अर्धाकप · गुरुवार, सकाळी ६:३५

मंडळी.

रात्री प्रतिसाद वाचला आणि झोपच येईना. उठून पानं काढली (फाडत नाही मी, मागे दुमडते). पाडवा: '२ पि., सू ५'. भाऊबीज: '३ पि., सू ५'. पुढचा दिवस: '२ पि.' त्याच्या पुढचा: '२ पि., सू ५', आणि बाजूला बारीक अक्षरात 'रात्री'. म्हणजे तो रात्री आठवून घातलेला. त्यानंतर नुसत्या पिशव्या. नोव्हेंबरभर पिशव्याच पिशव्या.

भाऊबीजेला भावानं ओवाळणीत काय दिलं माहीत आहे? शिट्टीचा दुधाचा कुकर! तो दुहेरी भांड्याचा असतो ना, आत दूध, भोवती पाणी. दूध तापलं की शिट्टी होते, उतू जायची भीती नाही, तिथे उभं राहायला नको. मीच श्रावणात फोनवर त्याला हसत हसत सांगितलं होतं, नमस्काराच्या नादात दूध उतू जातं आणि सासूबाई बोलतात. त्यानं लक्षात ठेवून आणला. बिचारा!

तेव्हापासून मी कुकर गॅसवर चढवते आणि आंघोळीला जाते. शिट्टी झाली की सासूबाई गॅस बंद करतात. दहा मिनिटं वाचतात म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरत होते.

माझा सूर्यनमस्कार त्या पातेल्यात होता.

कोकणकडा · गुरुवार, सकाळी ८:०२

अंगावर काटा आला राव. दुधाच्या कुकरनं!

आकडेमोड · गुरुवार, सकाळी ९:१५

शंकेखोर, दंडवत. मी पॉपकॉर्न सांगितले आणि तिथंच थांबलो, तुम्ही बरोबर ओट्यापर्यंत गेलात.

शंकेखोर · गुरुवार, सकाळी ९:४०

संशय घेणं हीच माझी एकमेव नियमित सवय आहे.

दातकोरणं · गुरुवार, सकाळी ११:२०

नमस्कार शिट्टीला बांधता येईल का? शिट्टी झाली की सतरंजी.

अर्धाकप · गुरुवार, दुपारी २:०५

नाही हो, शिट्टी होते तेव्हा मी न्हाणीघरात असते. आणि शिट्टी म्हणजे 'झालं, ये' असं बोलावणं. पातेलं म्हणजे 'थांब इथेच'. मला वाटतं मला त्या ताटकळण्याचीच गरज होती. रिकामे हात, कुठे जायची सोय नाही, मग दुसरं करणार काय?

खर्ज · गुरुवार, दुपारी ३:३०

तुमच्या कुकरची गवसणी झाली. कुणाला तरी काखोटीला मारून नेऊ द्या.

अर्धाकप · गुरुवार, रात्री १०:१५

ठरलं. कुकर धाकट्या नणंदेला, तिच्याकडे लहान बाळ आहे, तिला खरंच सोयीचा. भावाला फोन करून खरं सांगितलं. तो आधी गप्प झाला, मग इतका हसला की वहिनी धावत आली.

किती घालायचे, यावर तुमची सगळ्यांची मतं वाचली. मोडीवाल्यांसारखं करते. नियम एकाचा, कॅलेंडरवर 'सू' एकाचाच, पुढे आकडा लिहायचा नाही. वरचे किती ते ना कागद ठरवणार ना मी. दूध वर यायला लागलं की थांबायचं. अर्धा लिटर असलं तर लवकर, पाहुणे असले तर उशिरा.

काका, मेहूण सांगितलं आहे. रविवारी.

ओटीवरचा · गुरुवार, रात्री १०:२२

पुरण असेल तर वातींचा उरलेला कापूसही देईन म्हणतो. आजीचा आहे अजून.

अर्धाकप · रथसप्तमी, सकाळी ८:१०

धागा वर काढतेय.

कुकर गेल्यापासून अकरा दिवसांत नऊ 'सू'. पहिले दोन दिवस सतरंजी ओढायला विसरले आणि नुसतीच पातेल्याकडे बघत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी हात आपसूक फटीत गेला.

आज सोसायटीच्या कार्यक्रमाला गेले नाही. सहाला पातेलं चढवलं, सतरंजी अंथरली. सासूबाई गॅलरीत तुळशीपुढे रांगोळीचा रथ काढत होत्या. पहिला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला पर्वतासनात टाचा फ्रिजला टेकल्या तेव्हा चर्र आवाज आला. उठेपर्यंत दूध बर्नरवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली सतरंजीच्या टोकापर्यंत. मी फडकं शोधतेय आणि सासूबाई दारात उभ्या. आता ऐकून घ्यायचं म्हणून मान खाली घातली.

त्या म्हणाल्या, "असू दे गं. आज जायलाच लागतं. मी मघापासून गोवरी पेटवतेय, पेटतच नव्हती."